पुढच्या दोन चाकांवर

ऑरिन टटलच्या नाकावर राग असतो, हे आमच्या युटातल्या प्राइस गावात कुणाला सांगावं लागत नाही. कोळशाच्या खाणीत त्यानं जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, पण "जरा हे धर रे" असं तो कुणाला म्हणाल्याचं आठवत नाही. बायको, थेल्मा, होती तोवर तिच्या ओढीनं चार माणसं घरी येत. ती गेली, मुलगी लग्न होऊन दूर बॉयसीला राहिली, आणि ऑरिनकडे उरली खडकांवरून न्यायला उंच केलेली एक जीप आणि रुलॉन सीली.

रुलॉन त्याचा रानातला जोडीदार. दर शनिवारी दोघं सॅन राफेलच्या खडकांत जायचे, पुढे ऑरिनची जीप, मागे रुलॉनची. त्या रानात एकट्या गाडीनं जायचं नाही, हा इकडचा नेम आहे. तिथे फोन लागत नाही, पाणी मिळत नाही, आणि गाडी अडकली तर ओढून काढायला दुसरी गाडीच लागते. बोलायचं ते गाडीतल्या रेडिओवर, आणि तेही "डावीकडे दगड आहे" याच्या फारसं पुढे जायचं नाही. ऑरिनच्या आठवड्यात बोलणं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

मग एका शरदात ऑरिनच्या जीपचा मागचा शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी लांब नळी, तुटला. जीप उंच केली की हे दुखणं मागे लागतंच. शाफ्ट नको इतका तिरका होतो, थरथरायला लागतो आणि एक दिवस त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, जातो. त्यात या जीपची तऱ्हा अशी, की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी जी पेटी असते, ट्रान्सफर केस, तिच्या दांड्यावर हा शाफ्ट नुसता सरकवलेला असतो. शाफ्ट काढला की पेटीतलं तेल भळाभळा वाहून जातं, मग पुढची चाकं धडधाकट असून उपयोग नाही. रुलॉननं दोर बांधला आणि दिवसभर ओढत त्याला घरी आणलं.

इथवर ठीक होतं. पण रविवारी चर्चमधल्या जेवणाला, चीज घातलेल्या बटाट्यांची ताटली हातात धरून, रुलॉन सांगत सुटला की ऑरिनला दावं लावून वासरासारखा घरी आणला, वाटेत दोनदा हंबरलासुद्धा. माणसं हसली. बिशपही हसले. ऑरिननं ताटली खाली ठेवली आणि तो घरी निघून गेला. शनिवार बंद झाले.

यात एवढं रागावण्यासारखं काय होतं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. पण भरल्या घरातला माणूस असलं हसणं बायकोला सांगून मोकळा होतो. ऑरिनला ते हिवाळाभर पुरलं.

पुन्हा कुणाचं मिंधं व्हायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. उपाय त्याला ठाऊक होता. पेटीतून बाहेर आलेला दांडा कापायचा, उरलेल्या टोकाला भोक पाडून आटे पाडायचे आणि तिथे फ्लँज, म्हणजे भोकं पाडलेली जाड चकती, बोल्टनं घट्ट बसवायची. तिला नवा, दुहेरी क्रॉसचा शाफ्ट जोडायचा. तो तिरकेपणा सोसतो. आणि तुटलाच, तर बोल्ट सोडून गाडीत टाकायचा. तेल आतच राहतं आणि पुढची दोन चाकं गाडी घरी आणतात. मग दोर नको, दुसरी गाडी नको आणि रुलॉनही नको.

बर्फ वितळायला लागल्यावर त्यानं काम काढलं. जीपखाली उताणा पडून तो बराच वेळ त्या दांड्याकडे बघत राहिला, कारण एकदा कापला की कापला. मग ग्राइंडर लावला. काप नीट गेला. भोक पाडायला घेतलं, तेव्हा गॅरेजच्या दारात रुलॉनचे बूट दिसले.

"ड्रिल खाली झुकतंय तुझं," रुलॉन म्हणाला.

"मला दिसतंय."

"पडल्या पडल्या कसं दिसेल, लेका? ते बाजूनं बघावं लागतं. सांगू का?"

"नको."

बूट जागचे हलले नाहीत. रुलॉननं विचारलं, "कधी होईल पुरं? वाटा मोकळ्या होतायत. म्हटलं, विचारावं."

"हे झालं की मला कुणाची गरज पडणार नाही," ऑरिन खालूनच म्हणाला. "त्यासाठीच करतोय."

"असं होय," रुलॉन म्हणाला. "चांगलंय की." आणि तो गेला.

ड्रिल खरंच झुकत होतं. ऑरिननं थेल्माचा हातआरसा आणून बाजूला उभा केला आणि त्यात बघत बघत भोक सरळ केलं. दुसऱ्या माणसाचं काम त्यानं आरशाकडून करून घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते असं.

मे महिन्यात तो एकटाच सॅन राफेलला गेला. दुपारी एका खडकाच्या धारेवर जीप आपटली आणि नवा शाफ्ट वाकला. ऑरिननं खाली शिरून बोल्ट सोडले, शाफ्ट गाडीत मागे टाकला आणि पुढच्या चाकांवर निघाला. चढ आला की गाडी उलटी वळवून मागे मागे चढवायची, म्हणजे भार पुढच्या चाकांवर येतो. तेलाचा थेंब गळला नाही. सगळ्यात वाईट चढ पार झाला तेव्हा तो एकटाच मोठ्यानं हसला, आणि हात आपोआप रेडिओकडे गेला. "बघितलंस?" तो म्हणाला. रेडिओत नुसती खरखर होती.

तिथेच त्याचा राग उतरला. कधी एकदा हे रुलॉनला सांगतो असं त्याला झालं. सांगायचं, आणि त्याच्या ओघात येत्या शनिवारचंही विचारायचं, एवढं त्यानं वाटेत ठरवलं. गाडी घरी न नेता त्यानं थेट रुलॉनच्या अंगणात घातली.

रुलॉन टोमॅटोची रोपं लावत होता. त्याच्या जीपची जागा रिकामी होती.

"जीप कुठंय?"

"दिली. प्रोव्होच्या एका माणसाला."

"विकलीस? कशाला?"

"एकट्यानं जायचं नसतं," रुलॉन माती झटकत म्हणाला. "आणि मला दुसरं होतं कोण?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ऑरिनला उत्तर देता आलं असतं. रुलॉननं सवयीनं वाकून जीपखाली पाहिलं.

"शाफ्ट नाही खाली. पुढच्या चाकांवर आलास? सॅन राफेलहून?"

"हो."

"मग जमलं तुला. काम चोख झालंय," रुलॉन म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

मग ऑरिन जन्मात कुणाला म्हणाला नव्हता ते म्हणाला. "माझ्या शेजारी जागा आहे. शनिवारी चल."

"तुझ्या शेजारी बसून मी काय करू रे?" रुलॉन हसला. "तुझ्या मागून चालवायची सवय मला." मग ते फार लागलं असेल असं वाटून त्यानं जोडलं, "येईन कधीतरी."

कधीतरी म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. आतून रुलॉनच्या बायकोनं त्याला जेवायला हाक मारली. ऑरिननं मान हलवली, जीप मागे घेतली आणि कुणाच्याही मदतीशिवाय घरी गेला.