चिपशिवायचे चाळीस टॉवेल

त्या रविवारी मी चहा तीनदा गरम केला आणि तिन्ही वेळा प्यायला विसरले. सोमवारी अकरा वाजता दवाखान्याच्या लाँड्रीत माझ्या चाळीस टॉवेलांची परीक्षा होती आणि जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी आमच्या विभागप्रमुखांनी दारातूनच, आत न येता, सांगून टाकलं होतं, "मॅडम, सोमवारी टॉवेलांचं वाचन झालं नाही तर ही फाइल बंद करू या. किती वर्षं चालवायचं?" चार वर्षं चाललं होतं. मी कॉलेजात कंत्राटी. फाइल बंद म्हणजे यंत्र कपाटात, आणि माझ्या वाट्याला पुन्हा पहिल्या वर्षाचे तास, एवढंच.

माझं काम होतं बिनचिपच्या टॅगचं. गाडीच्या काचेवर टोलनाक्याचा स्टिकर असतो ना, त्यात एक चिमुकली चिप असते. नाक्यावरचं यंत्र लहरी सोडतं आणि चिप आपला नंबर सांगते. दवाखान्यातल्या टॉवेलांना, चादरींना एकेक चिप शिवायची तर खर्च परवडत नाही, शिवाय ती रोज सोड्याच्या उकळत्या पाण्यात आणि इस्त्रीच्या रुळाखाली मार खाणार. माझ्या टॅगमध्ये चिप नव्हतीच, बॅटरीही नव्हती. टॉवेलाच्या किनारीत, वीज वाहून नेणाऱ्या चंदेरी धाग्याच्या सहा बारीक पट्ट्या भरतकामाच्या मशीनवर घातलेल्या, बस्स. प्रत्येक टॉवेलात त्यांच्या लांब्या वेगळ्या. यंत्राने खालपासून वरपर्यंत लहरींचे सगळे सूर एकामागून एक सोडले, की प्रत्येक पट्टी आपल्या लांबीचा सूर गिळते. आखूड पट्टी वरचा, लांब पट्टी खालचा, देवळातल्या लहानमोठ्या घंटांसारखं. कोणते सूर गायब झाले ते बघायचं. तोच त्या टॉवेलाचा नंबर. कुठल्या वॉर्डातून आला, किती वेळा धुतला, कधीपासून दिसला नाही, हे गठ्ठा न उलगडता कळावं एवढीच माझी धडपड होती.

एक गोष्ट सांगायला हवी. भरतकामाचं मशीन प्रत्येक पट्टीच्या शेवटी धाग्याची शेपटी सोडतं, तीन मिलिमीटरची. मी पट्टीची लांबी त्या शेपटीसकट धरली होती. प्रयोगशाळेत ते व्यवस्थित चाललं, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

टॉवेल घडी घालून न्यायला म्हणून मी घरी आणले होते. दुपारी मला घरात थांबवेना. यंत्राच्या अँटेनाचा लाकडी स्टँड कॉलेजात राहिलाय असं आईला सांगून मी स्कूटर काढली. स्टँड खरंच राहिला होता, पण तो सोमवारी सकाळीही घेता आला असता. दोन टॉवेलांचं वाचन मला पुन्हा एकदा तपासायचं होतं, ते मी पिशवीत टाकले. बाकीचे अडतीस पलंगावर ठेवून गेले. कॉलेजात गेले, स्टँड घेतला, ते दोन टॉवेल तपासलेच नाहीत, नुसतीच व्हरांड्यातून चार फेऱ्या मारल्या आणि परत आले.

आई मंद्रूपहून लग्न होऊन सोलापुरात आली, आणि तेव्हापासून टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. मागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल उजेडाला धरायचा, तळव्याने चाचपायचा, आणि जिथे धाग्याचं टोक बाहेर आलेलं दिसेल तिथे चिमट्यासारख्या छोट्या कातरीने ते कापडासरशी उडवायचं. दिवसाला किती टॉवेल तिच्या हाताखालून जातात हे तिलाही माहीत नसेल. टोक राहिलेला टॉवेल तिच्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही, हे मात्र तिला पक्कं माहीत असतं.

मी आत आले तर ती पलंगावर मांडी घालून बसलेली, शेजारी अडतीस टॉवेलांची सरळ थप्पी, आणि पुढ्यात स्टीलच्या वाटीत चंदेरी धाग्यांचा भुगा.

"समदं करून ठिवलं बग," ती म्हणाली. "मशीनवाल्यानं लई घाण काम केलंय. एकेका टॉवेलाला सा-सा टोकं."

मी थप्पीकडे धावले. वरचा टॉवेल उचलला. किनार गुळगुळीत. दुसरा उचलला, तिसरा उचलला. एकही शेपटी शिल्लक नव्हती. राग आला की माझी भाषा एकदम कॉलेजातली होते. "तुला हे कुणी सांगितलं होतं? ही तुझी फॅक्टरी आहे का? चार वर्षं घातली मी यात, आणि तू तासाभरात सगळं संपवलंस. टोकं कापण्यापलीकडे तुला काही कळतं का?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की हे जास्त झालं. तरी मी थांबले नाही, आणखीही काहीबाही बोलले. ते इथे लिहायची माझी तयारी नाही.

आईने कातर मिटून पदराला पुसली. "सांगायचंस की," ती म्हणाली. "हात लावला नसता." आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा हळू.

मी लॅपटॉप उघडला, स्टँडवर अँटेना बांधली आणि वाचन घ्यायला लागले. काही तरी करणं भाग होतं, नाहीतर मी भिंतीवर डोकं आपटलं असतं. पहिला टॉवेल: यंत्र म्हणालं, ओळख नाही. दुसरा: ओळख नाही. सगळे सूर वर सरकलेले. साहजिकच, पट्ट्या आखूड झाल्या होत्या. पाचवा, सहावा, दहावा. मध्येच उठून मी पाणी प्यायले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. आईने भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट लॅपटॉपशेजारी ठेवलं. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

पंधरावा की सोळावा टॉवेल असेल, तेव्हा मला आकडे ओळखीचे वाटायला लागले. आखूड पट्टीचा सूर जास्त सरकलेला, लांब पट्टीचा कमी. पण एकाच लांबीची पट्टी कुठल्याही टॉवेलात घ्या, ती तेवढीच सरकलेली. मी वाटीतले धागे कागदावर ओतले आणि फूटपट्टीने मोजायला लागले. तीन मिलिमीटर. तीन. तीन. वीस-पंचवीस मोजून झाल्यावर मी सोडून दिलं. दोनशेच्या वर टोकं कापली होती तिने, आणि एकाही ठिकाणी कातर कापडात शिरली नव्हती की वर राहिली नव्हती.

म्हणजे नंबर गेले नव्हते. ते सगळे एका हिशोबाने वर सरकले होते, आणि तो हिशोब मला मांडता येत होता. कुठला सूर म्हणजे कुठला नंबर, ते कोष्टक मी नव्याने बांधलं. दिवेलागणीला एकामागून एक टॉवेल आपलं नाव सांगायला लागले. आणि तेव्हा आणखी एक गोष्ट डोक्यात शिरली. त्या शेपट्या तशाच राहिल्या असत्या, तर लाँड्रीतल्या पहिल्या धुण्यातच त्यांचे तंतू सुटले असते, प्रत्येक टॉवेलात वेगळे, आणि मग कुठलंच कोष्टक कामाला आलं नसतं. टॉवेलवाल्यांच्या घरात वाढलेल्या मुलीने नंबर लिहिला होता तो लोंबणाऱ्या टोकावर. मला हे आईला जाऊन सांगावंसं वाटलं. उठलेही. ती गॅलरीत शेजारणीशी बोलत होती, माझ्याकडे पाठ करून. मी परत येऊन बसले. सकाळी मी उठायच्या आत ती पहिल्या पाळीला निघून गेली होती.

लाँड्रीत वाफ होती आणि जिकडेतिकडे स्टील. स्टील जवळ असलं की माझ्या यंत्राला काही सुचत नाही, म्हणून आधी सगळ्या ट्रॉल्या बाजूला करायला लावल्या. विभागप्रमुख घड्याळाकडे बघत उभे. दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी एक टॉवेल उचलला.

"याला बॅटरी?"

"नाही."

"चिप?"

"नाही."

त्यांनी किनारीवरून अंगठा फिरवला, मग टॉवेल गालाला लावून बघितला. "टोचत नाही," त्या म्हणाल्या. "टोचलं असतं तर मी इथंच नको म्हटलं असतं. आमच्या पेशंटांची कातडी नाजूक असते."

मी वाचन सुरू केलं. टॉवेल एकेक करून लाकडी टेबलावरून सरकायला लागले आणि नंबर यायला लागले. दहा. वीस. तीस. अडतीस. मग एकोणचाळिसावा ठेवला आणि पडद्यावर आलं, ओळख नाही. चाळिसावा, ओळख नाही. मी टॉवेल हातात घेतला, किनारीवर बोट फिरवलं, आणि सहा शेपट्या बोटाला लागल्या. पिशवीतले दोन. ते मी सकाळी थप्पीखाली सरकवले होते, बिनकापलेले, आणि कोष्टक होतं कापलेल्यांचं.

"या दोघांचं काय?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"वेगळ्या बॅचचे आहेत, सर. बाकीच्यांना मी नवीन करेक्शन लावलंय."

"छान," ते म्हणाले. "हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं." मेट्रनबाई म्हणाल्या, एक वॉर्ड देते, महिनाभर चालवून बघा. फाइल उघडी राहिली. ते करेक्शन कुणाच्या हातामुळे जमलं हे सांगायला माझ्याकडे तेव्हा वेळ होता, शब्दही होते. मी सांगितलं नाही. चर्चा तांत्रिक होती, तिथे घरचं कशाला, असं परतताना स्कूटरवर स्वतःला समजावत राहिले. ते खरं नव्हतं. चेकिंगवाली आई त्या खोलीत आणायची मला लाज वाटली होती.

संध्याकाळी आई आली, हातपाय धुतले, आणि रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"वाचलं का?"

"वाचलं. एक वॉर्ड दिलाय."

"समदे वाचले?"

"दोन न्हाय वाचले."

तिचा चेहरा पडला. ती कॉटच्या कडेला बसली. "माजीच कातर जास्ती लागली आसंल. डोळं आता पयल्यासारकं ऱ्हायलं न्हाईत."

"न्हाय गं," मी तिच्याजवळ बसले. "ते दोन माझ्या पिशवीत होते. तुझा हातच लागला नव्हता त्यांना. तू कापलेले अडतीसच्या अडतीस वाचले. तुझ्यामुळं फाइल वाचली, आई. मी काल बोलले ते लई चुकलं."

एवढं बोलायला मला दिवस लागला होता. मला वाटलं ती रडेल, किंवा पाठीत धपाटा घालेल. तिने दोन्ही केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली.

"म्हंजी ते दोन टॉवेल," ती म्हणाली, "टोकं न कापता तसंच दावलीस तू लोकास्नी?"

"व्हय," मी म्हणाले, आणि मान खाली घातली.