दाविदनं न उचललेला भंडारा

माझी बायको अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या घरात नांदली आणि गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. मुलांना नाही, व्याह्यांना नाही. देवापुढेसुद्धा मी हे कधी मोठ्यानं बोललो नाही — त्याला माहीत असणारच, मग वर बोलून कशाला दाखवायचं, असं म्हणत आलो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

सुरुवात मात्र रागानं करू द्या. दुसरी मला जमत नाही.

मी उत्तर नगरचा. राहात्यापासून फार लांब नाही — गावाचं नाव नको. जनावरांचा व्यापारी, आमच्याकडे हेडी म्हणतात. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होता. मी आधी लोकांच्या गाई-म्हशी पायी हाकत बाजाराला नेल्या, मग दलाली केली, मग स्वतःची दावण उभी केली. कुणी हात धरून वर आणलं नाही. पार काष्टीच्या बाजारापर्यंत माझा शब्द चालायचा. गाय चार पावलं चालली की तिचं वेत, वय आणि खोड मी सांगायचो. माणसांची खोडही तशीच कळते, असं मला वाटायचं.

आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि ओसरीवर बसून पुढाऱ्यांना शिव्या देतो. का देऊ नये? जिल्ह्याच्या दक्षिणेतली माणसं म्हणतात, तुम्ही उत्तरेकडचे, बागायतदार, तुम्हाला काय कमी. या की राहायला! उसात बिबट्या आहे. माझी सून गोठ्यात जायच्या आधी पत्र्याचा डबा बडवते, मग आत पाऊल टाकते. पाट आहे, पण त्याला पाणी कधी सुटणार हे पुढाऱ्याच्या मर्जीवर. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या; पाटाचं पाणी शेतात आणणाऱ्या आमच्या चारीचं लोखंडी दार गंजून अडकलं होतं ते कित्येक वर्षं अडकलेलंच. जिल्हा तोडायचं तर दर निवडणुकीत निघतं, मुख्यालय कुठं यावरून भांडणं होतात आणि मत पडलं की सगळे गप्प. मागं एक उमेदवार आला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी म्हणालो, "माझ्या पायाला काय धाड भरलीय? चारीच्या दाराला जरा तेल घाल की!" लोक हसले. तोही हसला. दार तसंच राहिलं.

सून आतून विचारते, "मामा, बीपीची गोळी घेतली का?" तिला वाटतं, माझा राग गोळीनं बसेल.

पण खरं सांगू? पुढाऱ्यांनी दगा दिला, शब्द फिरवला, असं मी ओरडतो ना — ते ओरडताना मला एकच माणूस दिसतो, आणि तो पुढारी नव्हता. पिठाची गिरणी चालवायचा. दाविद त्याचं नाव.

दाविदचं घर ख्रिस्ती, त्याच्या आज्यापासूनचं. गावात त्यांची चार-पाच घरं. गिरणीवर बाया डबा ठेवून बिनघोर शेतावर जायच्या, कारण एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात कधी गेलं नाही. माणूस कमी बोलायचा. माझा आवाज गावभर आणि त्याचा गिरणीच्या बाहेर येत नसे, तरी आमचं जमायचं. का जमायचं? मी कुणावर विश्वास ठेवत नव्हतो आणि तो कुणावर संशय घेत नव्हता. म्हणून असेल.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटाचा पुढारी आबा — मोठा ऊस, दारात जीप. ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा आबानं मला सांगितलं, "तात्या, तू पॅनल उभं कर. निवडून आलो की सरपंच तू." मी पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडलो. माणसं गोळा केली, रुसलेल्यांना समजावलं, दाविदला तर मीच बळंच उभं केलं. तो म्हणत होता, मला नको हे. नऊ जागांपैकी आमच्या पाच आल्या. गुलाल धुतला नव्हता तोवर आबानं मला वाड्यावर बोलावलं. म्हणाला, "तात्या, तू लई तापट हायस. सरपंचाला डोकं थंड लागतं. या खेपेला मीच होतो, पुढं तुझं बघू."

पुढं बघू! सालगड्याच्या पोरानं सरपंच व्हायचं नाही, एवढं सरळ बोलला असता तर मी त्याला जोड्यानं मारला असता आणि विषय संपला असता. त्यानं माझ्या रागालाच कारण केलं. ते मला आजही पचलेलं नाही.

तेव्हा सरपंच सदस्यांच्या मतांनी निवडला जायचा. नवात पाच-चार म्हणजे एक माणूस फुटला की सगळं उलटं. आतासारखं सदस्यांना सहलीला नेऊन कोंडायची पद्धत अजून आली नव्हती. तेव्हा भंडारा होता. आबा आम्हा चौघांना खंडोबाच्या देवळात घेऊन गेला. हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन शपथ घ्यायची, की मत फोडणार नाही. आबानं उचलला, बाकीच्या दोघांनी उचलला, मी उचलला. दाविद पायरीखाली उभा राहिला.

"ये की रे वर," आबा म्हणाला.

"आबा, मी तुमच्याबरोबर हाय म्हनलं ना. आमच्यात शपथ घेत न्हाईत. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई."

आबाचा चेहरा कडवट झाला. पण दाविदला ओढणार कसं? तसेच घरी आलो. माझ्या तळहाताला हळद लागलेली होती. मी ती धुतली.

आता जवळ आलोय. जरा थांबू द्या.

मतदानाच्या चार दिवस आधी बाजार होता. दाविदला गाय घ्यायची होती, म्हणून तो माझ्याबरोबर आला. मी त्याला एक गाय पसंत करून दिली आणि तो दहा पावलांवर तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. एवढ्यात नाना आला — विरोधी गटाचा पुढारी, चार सदस्य त्याच्याकडे. काही न बोलता त्यानं माझ्या रुमालाखाली हात घातला.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी कळत नाही. पण त्यासाठी समोर जनावर असावं लागतं. आमच्यासमोर मोकळी दावण होती.

नाना हळूच म्हणाला, "बोल."

मी म्हणालो, "स्टँडजवळचा गाळा. कोपऱ्यावरचा."

त्यानं माझा पंजा एकदा दाबला, म्हणजे कबूल. बस. एवढंच. पंचायतीचे नवे गाळे बांधून झाले होते, कोपऱ्यावरचा सगळ्यांत भारी होता. लोकांसमोर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या तेव्हा तो माझ्याच नावावर निघाला — कसा ते विचारू नका. आज माझी पोरं तिथं पेंड, सरकी आणि दोरखंड विकतात. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की रागाच्या भरात केलं. रागाच्या भरात माणूस कोपऱ्यावरचा गाळा निवडून मागतो का?

मान वर केली तर दाविद माझ्याकडे बघत होता. गाईकडे नाही — माझ्या रुमालाकडे.

नानाच्या गटानं गुप्त मतदान मागितलं. अधिकाऱ्यानं चिठ्ठ्या उघडल्या, चार आबाला, पाच नानाच्या माणसाला. आबा खुर्चीवरून उठेना. बाहेर मारुतीच्या पारापाशी गाव जमलं होतं. "कुनी फोडलं? कुनी फोडलं?" चाललं होतं. बाजारात एक गोष्ट मी लवकर शिकलो होतो: ज्याचं जनावर खोडील असतं त्यानं आधी दुसऱ्याच्या जनावराची खोड काढायची. मी सगळ्यांच्या आधी ओरडलो,

"ज्यानं भंडारा उचलला न्हाई, त्यालाच इचारा की!"

सगळी तोंडं दाविदकडे वळली. तो म्हणाला, "मी आबालाच मत दिलंय." कोणीतरी मागून म्हणालं, "व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई! आता कंचं म्हनायचं रं?" हशा पिकला. मीही हसलो. दाविद पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला असता — बाजार, नाना, रुमाल — तर मी तिथंच उघडा पडलो असतो. तो का बोलला नाही? मी बोलेन म्हणून वाट बघत होता का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्याला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन त्याच्या दारावरून पुढच्या वस्तीवरच्या गिरणीला जाऊ लागल्या. उन्हातून दीड-दोन मैल. सकाळभर चालणारी गिरणी तासाभरात बंद व्हायला लागली. माझ्या बायकोनं विचारलं, "आपलं दळन कुठं न्यायचं?" मी म्हणालो, "सगळ्या नेतात तिकडंच ने." तिनं डबा उचलला.

वर्षभर त्यानं कळ काढली. मग गिरणी विकली आणि बिऱ्हाड श्रीरामपूरला भावाकडे हलवायचं ठरवलं. टेम्पोत सामान बांधायला दोर हवा म्हणून तो माझ्या गाळ्यावर आला. मीच दोर मोजून दिला. जाता जाता तो थांबला.

"तात्या, त्या दिवशी बाजारात रुमालाखाली जनावर कंचं होतं रं?"

"खिलारी खोंड," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि गेला. श्रीरामपूरलाच वारला. मातीला मी गेलो नाही.

इथंच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, जुनी गोष्ट आहे, माणूस तेव्हा तरणा होता, तापट होता. पण मला जे सांगायचंय ते यंदाचं आहे.

दाविदची मुलगी सुवार्ता नवरा गेल्यावर चार वर्षांपूर्वी बापाच्या दोन एकरांवर परत आली. पन्नाशीची बाई, चार गाई सांभाळते, पेंड आमच्याच दुकानातून नेते आणि मला तात्याकाका म्हणते. चारीच्या दाराचं मी सांगितलं ना? ते तिनं बदलून घेतलं. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात अर्जावर अर्ज, साहेब भेटेपर्यंत बाकावर बसून राहायची. आम्ही ओसरीवर बसून शिव्या देणारे, आमची शेतं तिच्यामुळे भिजली. यंदा ती आमच्या वॉर्डातून पंचायतीला उभी राहिली.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत पारावर माणसं बसली होती. समोरच्या उमेदवाराचा चुलता म्हणाला, "बाई चांगली हाय, पर घरान्याला शब्द न्हाई. हिच्या बापानं आबाला फशिवलं." नव्या पिढीतल्या एकानं मला विचारलं, "तात्या, तुमी तवा सदस्य हुता ना? खरं हाय का ह्ये?"

सुवार्ता तिथंच होती, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन. ती चिडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा तात्याकाका. तुमी तर व्हता तिथं."

आबा केव्हाच गेला. नाना गेला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझं कोण काय वाकडं करणार होतं? गाळा काढून घेतला असता? पोरांनी बोलणं टाकलं असतं? पारावर कोणी जागा दिली नसती? सगळा हिशेब माझ्या डोक्यात झाला, सौद्याच्या वेळी होतो तसा, झटक्यात. आणि मी म्हणालो,

"त्यानं भंडारा उचलला नव्हता, हे खरं हाय."

हे वाक्य खरं आहे. म्हणूनच मी ते निवडलं. सुवार्तानं थोडा वेळ वाट पाहिली, मी पुढं काही बोलेन म्हणून. मग पत्रकं पिशवीत घातली आणि चालू लागली. चौदा मतांनी पडली.

निकालानंतर ती पेंड न्यायला दुकानात आली, नेहमीसारखी. पोरगं जेवायला गेलं होतं, गल्ल्यावर मीच होतो. "गाई लई हडकल्यात ह्या गडबडीत," म्हणाली, पोतं गाडीवर घेतलं आणि गेली. मी पैसे गल्ल्यात टाकले. दुकानात दुसरं कोणीही नव्हतं.

ते मत मी फोडलं होतं.