मधल्या भिंतीतली वीट

माझ्या थोरल्या काकांची मी जिरवली. टी-स्क्वेअर लावून, एकास पन्नासच्या मापात, व्यवस्थित शाईने गिरवून जिरवली. त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, ती सांगतेच.

बोरीवलीला आमचं बैठं घर होतं. आजोबांनी गिरणीत जन्म काढून, गावच्या घराची नक्कल म्हणून बांधलेलं. पुढे पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला परसाकडे उघडणारी एक मोठी खिडकी. वर मंगलोरी कौलं. आजोबांचं वर्षश्राद्ध झालं आणि आठ दिवसांत काकांनी गवंडी आणून उभा केला. पडवीपासून परसापर्यंत, घराच्या बरोबर मधून भिंत. बरोबर मधून म्हणे! खिडकी त्यांच्याकडे गेली, परस त्यांच्याकडे गेलं. आमच्या अर्ध्याच्या मागे शेजारच्या गोदामाची भिंत, त्यामुळे आईच्या वाट्याला जे स्वयंपाकघर आलं त्यात भरदुपारी हाताला हात दिसेना.

बाबा थोरल्या भावापुढे तोंड उघडणारे नव्हते. पण एक केलं त्यांनी. चुलीवरचं एक कौल काढून तिथे काचेचं बसवलं. कोकणात सगळेच बसवतात, त्यात नवल काही नाही. पण आई त्या उजेडाच्या तुकड्याखाली सूप घेऊन बसली ना, ती उठेचना. चार दिवस आमच्या जेवणात एक खडा आला नाही.

पाचव्या दिवशी काका शिडी लावून छपरावर. "छप्पर सामायिक आहे. काचेचं कौल गळतं. माझे वासे कुजले तर?" काचेचं काढून त्यांनी मातीचं बसवलं. आई कधी नाही ते बोलली, "भावोजी, मला तांदळातले खडे दिसत नाहीत हो."

काका वरूनच म्हणाले, "स्वयंपाकाला उजेड कशाला? तांदूळ काय वाचायचेत तुला?"

मी बारा वर्षांची होते आणि त्यांची शिडी धरून उभी होते. सोडून दिली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कित्येकदा वाटलं.

त्यानंतर आईकडे दोनच उजेड उरले. एक चाळीसचा बल्ब आणि एक भोक. मधल्या भिंतीत, ओट्याच्या जरा वर, एका विटेएवढं. गवंडी विसरला असणार, असं मी धरून चालले होते. काकांच्या खिडकीतलं ऊन त्यातून आरपार आमच्या ओट्यावर यायचं. आई तिथेच भाजी चिरायची, तिथेच बोंबील साफ करायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो उजेड जायचा. मला वाटायचं, ऊन कललं. तरी आईचे डोळे गेलेच. पस्तिशीत तिला सुईत दोरा ओवता येईना. रोज रात्री ताटात खडा लागला की मी तो चावून गिळायचे आणि मनात म्हणायचे, थांबा काका.

दहावीनंतर मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि अंधेरीला एका आर्किटेक्टच्या हापिसात चिकटले. ट्रेसिंग पेपरवर लोकांची घरं काढायची. खिडकी कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे हातात पेन असलेला माणूस ठरवतो, हे मला तिथे कळलं. तेव्हापासून मी वाटच बघत होते.

अठ्ठ्याऐंशी साली काका स्वतःच्या पायांनी आले. त्यांना त्यांचा अर्धा भाग पाडून खाली-वर स्लॅबचं घर बांधायचं होतं. "घरची पोर असताना बाहेर कशाला जाऊ?" म्हणाले. मी चहासुद्धा केला त्यांना.

नकाशा मी मन लावून काढला. हॉल ऐसपैस. देव्हारा पूर्वेला. वर गॅलरी, काकांना पेपर वाचायला. आणि जुन्या खिडकीच्या जागी जिना. स्वयंपाकघर जिन्याच्या पोटात, उत्तरेला तीन फुटी डक्ट, त्यात संडासाचे पाइप, आणि कागदावर दिसावी म्हणून त्या डक्टात उघडणारी एक खिडकी. तेव्हा असं सर्रास चालायचं. साहेबांनी सही ठोकली.

काकांपुढे मी प्रिंट पसरला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बोटावर होतं. बोट हॉलमधून फिरलं, देव्हाऱ्याशी थांबलं, जिना चढून गॅलरीत गेलं. परत खाली येऊन स्वयंपाकघराच्या दारात अडखळलं. पण काका उभ्या जन्मात कधी स्वयंपाकघरात गेले नव्हते, पाणीसुद्धा बाहेर मागायचे. कागदावरच्या स्वयंपाकघरात तरी कशाला जातील? "हे बायकांचं, तू बघ," म्हणाले आणि बोट उचललं. त्या दिवशी मी स्टेशनवर एकटीच दोन वडापाव खाल्ले.

त्यांचा भाग पाडला. मधली भिंत मात्र ठेवावी लागली, नाहीतर आमचं घर कोसळलं असतं. छप्पर आता सामायिक उरलं नाही, म्हणून बाबांनी दुसऱ्याच दिवशी काचेचं कौल चढवलं. माझा आनंद गगनात मावेना.

वास्तुशांतीला आम्ही गेलो. हॉलमध्ये काका सगळ्यांना घर दाखवत होते. नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं होतं, म्हणून काकूने मला आत बोलावलं. सकाळचे दहा, आणि आत बल्ब. काकूने खिडकी उघडली, वास आला, बंद केली. दूध उतू गेलं ते तिला दिसलं नाही, नुसतं चर्र ऐकू आलं. मी मनात म्हटलं, झाली फिटंफाट.

"नकाशो तुया काडलंस मां?" काकूने विचारलं. आवाजात राग नव्हता. मी मान हलवली.

"तुज्या आवशीक एक वीट तरी होती गो," ती म्हणाली. "गवंडी गेल्यार मीच काडलंय ती. ह्ये सहाक घराक येयत, त्येच्या आधी परत बसवी. आठ वर्सां." मग तिने त्या चार भिंतींवरून नजर फिरवली. "आता हंयची खंयची काडू, सांग."

म्हणजे आईच्या ओट्यावरचं ते ऊन आठ वर्षं काकू देत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अन्नातले खडे मोजत सूड उगवायला निघाले होते, आणि उगवला तो कुणावर? काका बाहेर हॉलमध्ये, चार ट्यूबलाइटींखाली, पेढे वाटत होते.

ते घर मला तोंडपाठ होतं. पूर्वेला जिना, उत्तरेला डक्ट, दक्षिणेला हॉलची भिंत आणि तिच्यावर काकांचा टीव्ही. पश्चिमेला तीच जुनी मधली भिंत, नवा गिलावा मारलेली. मी ओट्यापासून वीतभर वर बोट टेकवलं.

सोमवारी काका कामावर गेल्यावर आईने आमच्या बाजूने छिन्नी लावली. काकू पलीकडून सांगत होती, "जरा वर, जरा वर." वीट निघाली आणि आमच्या काचेच्या कौलाचा उजेड काकूच्या ओट्यावर पडला.

या वेळी ती वीट सहा वाजता परत बसली नाही. कधीच बसली नाही. काका त्या घरात सोळा वर्षं राहिले आणि त्यांना पत्ता लागला नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागलं असतं.