फळ्यांपाशी

चूक माझीच होती. बारा वर्षांपूर्वी मित्रमंडळींच्या सायकल सहलीत टेकडीच्या चढावर माझी बायको, सुनीता, सायकलवरून उतरून चालू लागली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "उतरायचंच होतं, तर आलीस कशाला?" ती पुन्हा सायकलवर बसली नाही. दर दसऱ्याला मी तिची सायकल पुसून हार घालतो. त्या दिवसाबद्दल बोललो मात्र कधीच नाही.

परवा, पन्नाशीत, पहिल्यांदाच सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत भाग घेतला. माळावर चिखल आणि वाटेत आडव्या लावलेल्या फळ्या. मी हट्टाने पेडल मारत राहिलो आणि पहिल्याच फळीपाशी आपटलो.

"काका, उतरा की! इथं उतरायचंच असतं," मागून एक मुलगी ओरडली आणि सायकल खांद्यावर घेऊन पळत पुढे गेली. तिच्यामागून सगळे तसेच, चिखलाने माखलेले, हसत. मीही सायकल खांद्यावर घेतली. वाटली होती त्याहून हलकी निघाली. पायी चालणारा माणूसही वाटेवरच असतो, हे समजायला मला एवढा चिखल लागला.

शेवटून दुसरा आलो. सुनीता टॉवेल घेऊन उभी होती.

"किती वेळा उतरलात?"

"प्रत्येक फेरीला," मी म्हणालो. "सुनीता, त्या दिवशी टेकडीवर मी फार वाईट बोललो. मला माफ कर."