मुनियाच्या मेट्रनबाई

आमच्या मेट्रनबाई देवळात शिरल्या की आतला देवसुद्धा सावरून बसत असेल, असं मला नेहमी वाटायचं. माणसांचं तर विचारायलाच नको. नवं राज्य झालं, नागपूरच्या कचेऱ्या उठून भोपाळला आल्या, आणि त्यांच्यामागून आम्हीही दोन मुलं, ट्रंका-वळकट्या घेऊन नव्या क्वार्टरांत राहायला आलो. आमचे हे सचिवालयात कारकून. शेजारचं क्वार्टर मेट्रनबाईंना मिळालं. त्या तुरुंगात बायकांच्या बराकीवर होत्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. उंच, सावळ्या, आणि चालणं असं, की समोरून येणारा सायकलवाला आपोआप खाली उतरायचा. मी पुष्कळ दिवस त्यांच्याशी ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच बोलत होते.

कुठेही कुलूप दिसलं की बाई ते ओढून बघायच्या. स्वतःचं, आमचं, रस्त्यात लागेल त्याचं. जवाहर चौकातल्या एका मिठाईवाल्याचं कुलूप त्यांनी असं काही हिसडलं, की तो वरच्या माडीवरून ‘चोर, चोर’ करत खाली आला आणि बाईंना बघून ‘नमस्ते’ म्हणाला. एकदा पलीकडच्या ओव्हरसियरच्या दाराचं कुलूप त्यांच्या हातात आलं. ते लोक सिनेमाला गेलेले. बाई भर उन्हात त्यांच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. नवराबायको हसत-खेळत परतले, तर बाई उठल्या, कुलूप त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही माझ्याकडे नोकरीला असतात, तर आज सगळ्या बायका इंदूरला पोचल्या असत्या.”

खाण्याच्या वस्तूवर तर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. आत काय काय दडवून आणतात हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. गुळाची ढेप फोडून बघायची, पाव दाबून बघायचा. होळीला मी पुरणपोळी नेऊन दिली, तर माझ्यादेखत तिचे चार तुकडे करून प्रत्येकाच्या पोटात बोट घातलं. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “मग? काय सापडलं?” दुसऱ्या दिवशी बाईंनीच दोन अंगणांमधल्या भिंतीवरून सांगितलं, “वहिनी, जायफळ कमी होतं.”

पण खरा गोंधळ झाला तो बाईंनी घरी केलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तुरुंगातून सुटणाऱ्या बाईला कोणी ‘ये हं परत’ म्हणत नाही. बाई तिला फाटकाशी उभी करून सांगायच्या, “जा. परत येऊ नकोस.” तिथे तोच आशीर्वाद. आता स्वतः विधवा म्हणून बाई कुंकू लावत नसत, ते त्यांनी मला लावायला बोलावलं होतं. पण निरोप त्या स्वतः देत होत्या. गल्लीतल्या एकूण एक सवाष्णीला तिळगूळ दिला, हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “जा. परत येऊ नका.” ओव्हरसियरीण रडतच घरी गेली. मला बाईंची वाटी परत करायची होती, ती मी भिंतीवर ठेवून पळाले.

एक दिवस त्याच भिंतीवरून बाईंनी हाक मारली, “वहिनी, तुमची कोंबडी द्या. संध्याकाळी आणून देते.”

बाईंना ‘का’ विचारायची सोय नव्हती. त्या कोंबडी काखेत मारून ड्यूटीवर गेल्या. मग छत्री नेली. मग म्हणाल्या, “वहिनी, तुमचे मिस्टर तासभर हवेत.”

“कशाला हो?”

“दाखवायला.”

तेव्हा कुठे मुनिया कळली. रामकली नावाच्या कैदीबाईची ही पोर. घरातल्या मारामारीत रामकलीच्या हातून नवऱ्याचा जीव गेला, तेव्हा मुनिया अंगावर पीत होती. लहान मूल आईबरोबर आत राहू शकतं, तशी ती राहिली आणि बराकीतच चालू-बोलू लागली. तिला छत्री ठाऊक नव्हती. पुरुष म्हणजे लांबून ओरडणारा शिपाई. पण आता पोर मोठी झाली होती, आणि मोठ्या मुलाला आत ठेवता येत नाही. तिला बाहेर काढायची वेळ येण्याआधी बाई तिला बाहेरचं जग एकेक करून आत नेऊन दाखवत होत्या.

“पण मीच का?” हे म्हणाले.

“तुम्हाला मिशी आहे,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही गरीब दिसता.”

हे कोट घालून गेले. तुरुंगाच्या साहेबांच्या परवानगीने तिथल्या कचेरीत स्टुलावर बसले. मुनिया बाईंच्या पदराआडून बघत होती, शेवटी पुढे येऊन तिने मिशीला बोट लावलं आणि विचारलं, “ये असली है?” ही गोष्ट हे पुढे जन्मभर सांगत.

बापाकडचे लोक मुलीचं नाव घ्यायला तयार नव्हते. आईकडचं कोणी उरलं नव्हतं. म्हणजे पोर दूरच्या शहरातल्या अनाथाश्रमात जाणार. बाई म्हणाल्या, “तिथे मुलं चांगली राहतात, शिकतात. पण आई दिसत नाही. सुटल्यावर ही बया दारात जाऊन उभी राहील, तर पोर विचारेल, तुम कौन? इथेच घर मिळालं तर दर मुलाखतीला, कैद्यांना भेटायच्या दिवशी, आईची भेट होईल. मला नोकरीमुळे ठेवता येत नाही. साहेबांकडे नाव तुमचं दिलंय.”

मी दूधवाल्याला ‘पाणी कमी घाल’ म्हणू न शकणारी बाई. यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “मला ओळखते ती.”

तरी शेवटचा शब्द रामकलीचा होता. तिने मला बघायला बोलावलं. ती माझ्या तोंडाकडे बघेचना, हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मारती हो?”

माझ्याआधी बाईच बोलल्या, “ये? मुर्गी इनके तकिये पे बैठती है, तो ये उसको बोलती हैं, ज़रा हटिए.”

रामकली हसली. हसता हसताच तिने माझा हात घट्ट धरला. “दीदी, इसको मुझे भूलने मत देना.”

“नहीं देंगे,” मी म्हणाले. तेवढंच बोलले.

मुनिया घरी आली. दिवसभर कोंबडीमागे धावली, जेवली. दिवेलागणीला मात्र दाराशी जाऊन ताठ उभी राहिली ती हलेचना. झोप म्हटलं तरी नाही, कडेवर घ्यावं तरी अंग लाकडासारखं. मला वाटलं, आईची आठवण. मी भिंतीवरून बाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “गिनती झाली नाही तिची. आत रोज दिवेलागणीला सगळ्यांना मोजतात.”

मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना ओळीत उभं केलं. ह्यांना, मला, आमच्या दोन्ही मुलांना, शेवटी मुनिया. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सब ठीक!” पोरगी तिथल्या तिथे आडवी झाली आणि झोपली. पुढे रोज दिवे लागले की सचिवालयातला माझा नवरा ओळीत उभा राहायचा आणि त्याची गिनती व्हायची.

एके संध्याकाळी बाई आल्याच नाहीत. मी बोलवायला गेले, तर म्हणाल्या, “आता नाही. घरात गिनती नसते, हे तिला कळू दे.” मुनिया फार रडली, माझ्या खांद्यावरच झोपली. त्यानंतर ती अंगणात असली की बाई भिंतीशी यायच्याच नाहीत. मुलाखतीला मी तिला घेऊन जायची, तेव्हा त्या आतल्या टोकाला पाठमोऱ्या उभ्या असायच्या. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना ‘का’ विचारलं.

“वहिनी, आईचा चेहरा तुम्ही तिला दाखवता,” त्या म्हणाल्या. “माझा चेहरा म्हणजे ती जागा. आई राहू दे, जागा जाऊ दे.”

रामकलीला शिक्षेत सूट मिळाली आणि ती सुटून आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मुनिया कोंबडी टाकून “अम्मा!” म्हणत धावली. बाईंना सुट्टी होती, त्या घरातच होत्या, पण दाराला आतून कडी. रामकलीने हाका मारल्या, मीही मारल्या. शेवटी रामकलीने बंद दारालाच डोकं टेकलं आणि लेकीला घेऊन गेली. पुढे भोपाळातच पिपलानीला एका इंजिनियरांकडे तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. बाईंची जबलपूरला बदली झाली. त्या तिकडेच वारल्या.

परवा मुनिया तिची मुलं घेऊन आली होती. तिला सगळं आठवतं. कोंबडी, ह्यांची मिशी, मी तेल लावून घातलेल्या वेण्या. मी हळूच विचारलं, “और मेट्रनबाई?”

“कौन?”

मी सांगितलं, उंच होत्या, सावळ्या, आवाज मोठा. तिने पुष्कळ आठवून बघितलं. “नहीं चाची. अम्मा तो वहाँ की बात ही नहीं करतीं. मुझे कुछ याद नहीं.”

ती गेल्यावर मी अंगणात गेले. पलीकडे आता दुसरेच लोक राहतात. तरी भिंतीला हात टेकून बराच वेळ उभी राहिले. मनातल्या मनात म्हटलं, बाई, जमलं हो. पोरीला तुम्ही जराही आठवत नाही.