पायथ्याचे सचिव

तुमसरच्या डोंगरभ्रमण मंडळाचे सचिव खुशाल झंझाड यांना उंचीची भीती वाटत असे. ही गोष्ट मंडळात कोणालाच ठाऊक नाही, असं त्यांना वाटत असे.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. बसचं पायदान ही जमिनीपासून त्यांना मानवणारी सर्वांत मोठी उंची. घरी दिवाळीला माळ्यावरचे डबे काढायचे तर त्यांची बायको तुळसाबाई स्टुलावर चढे आणि खुशालभाऊ खाली स्टूल धरून उभे राहत. स्टूल मात्र ते फार मन लावून धरत.

असा माणूस डोंगरवाल्यांत गेला तो साखरेमुळे. रिटायर झाल्यावर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ते देव्हाडीच्या रस्त्यानं चालू लागले. मेडिकलवाले भैयालाल यांचीही साखर वाढलेली. गोळ्या विकून ती कमी होत नाही हे त्यांना एव्हाना कळलं होतं, म्हणून तेही सोबत निघाले. मग सरकारी दवाखान्यातली नर्स ममता आली. शेवटी शाळेतली तृप्ती मॅडम आली आणि घोटाळा झाला. तृप्तीनं कुठंतरी जाऊन गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. तेव्हापासून तिला सपाट जमीन सहन होत नसे.

"काकाजी, रविवारी आपण डोंगर चढू," ती म्हणाली.

"कोणता?"

"जो सापडन तो."

भंडारा जिल्ह्यात डोंगर शोधावा लागतो. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मग तलाव, पुन्हा बांध्या. पण उत्तरेकडं थोडे आहेत, आणि थोडक्यावर भागवायची इकडं सवय असते. मंडळ निघालं. कोणती गाडी कुठं जाते आणि माणसं वेळेवर कशी बसवायची हे खुशालभाऊंना येत होतं, म्हणून ते सचिव झाले. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

पहिल्या सहलीला ते खालीच थांबले. "गाडीजवळ कोणी तं पाह्यजे. माकडं हायेत," असं त्यांनी सांगितलं. माकडं होती, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या सहलीला गुडघा दुखला. तिसऱ्या सहलीला त्यांना कायमचा मार्ग सापडला: स्वयंपाक. पायथ्याशी तीन दगडांची चूल मांडायची, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे पानगे भाजायचे आणि वांग्याची भाजी रटरटत ठेवायची. चुलीवर वांगं असलेल्या माणसाला कोणी कुठं बोलावत नाही.

सचिवाचं खरं काम बुधवारी संध्याकाळी. येत्या शनिवार-रविवारी कुठं जायचं ते मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं. वर काय आहे हे लिहिल्याशिवाय कोणी येईना, आणि वर काय आहे हे सचिवांनी पाहिलेलं नव्हतं. डोंगर मोजकेच, तेच ते फिरून येत, म्हणून उतरून आलेल्या प्रत्येकाला ते पानगा हातात देता देता विचारत. तलाव कोणत्या बाजूला दिसला? वारा कसा होता? रंग कसा? लोक भुकेलेले असत, चटचट सांगून टाकत. खुशालभाऊ ते घरी नेत, दोन दिवस मनात घोळवत आणि मग लिहीत. लिहीत ते भारी. आंबागडाबद्दल त्यांनी लिहिलं होतं:

"येता रविवार: आंबागड. शनिवारी ज्यांना जमेल त्यांनी गायमुखला पाय मोकळे करून घ्यावेत. गडावरून खालचा तलाव असा दिसतो, जणू कोणी माउलीनं पितळेचं ताट घासून उन्हात ठेवलं. हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं या तालुक्यात जन्माला येऊन केलं काय?"

पाठवून झाल्यावर शेवटच्या वाक्यानं त्यांना थोडा वेळ झोप लागली नाही.

ममतानं हे वाक्य आपल्या आईला वाचून दाखवलं. आई, गोदावरीबाई नागपुरे, आंधळगावकडची. ढिवराच्या घरात जन्मली, ढिवराच्या घरात दिली. उभा जन्म तलावावर मासोळी धरण्यात गेला. नवरा गेल्यावर ममतानं तिला तुमसरला आणलं. इथं तिला करायला काही नव्हतं, आणि ते तिला नीट जमतही नव्हतं. ती ममताला म्हणाली, "वाच एकदा अजून." ममतानं वाचलं. "मी येतो," गोदावरीबाई म्हणाली. आमच्याकडं बाईमाणूसही कधी कधी 'येतो' म्हणते. तेव्हा तिचं ठरलेलं असतं.

रविवारी सकाळी गाडी आंबागडाच्या पायथ्याशी लागली. मंडळी पायऱ्यांकडं निघाली. खुशालभाऊंनी दगड जुळवायला घेतले. मान वर केली तर लुगड्याचा काष्टा खोचून गोदावरीबाई समोर उभी.

"चला जी."

"तुमी व्हा पुढं. मी सैपाक पाह्यतो."

"कोणासाठी? सारे तं वर जाऊन राह्यले."

"ते येतीन ना खाली."

"आले का मंग करू. मी तुमचं आयकून आली. ताट दाखवा."

"कोणतं ताट?"

"पितळेचं."

खुशालभाऊंनी वांग्यांकडं पाहिलं. तेवढ्यात भैयालाल चार पायऱ्या चढून गेलेले परत आले आणि म्हणाले, "जा तुमी. वांगे मी पाह्यतो." भैयालाल यांना घरी चहासुद्धा करू देत नसत. इतक्या तत्परतेनं ते पुढं आले की खुशालभाऊंच्या मनात पहिल्यांदा शंका आली.

मग ते चढले. दुसरा काही उपाय उरला नव्हता.

सुरुवातीला बरं चाललं. दोन्ही बाजूंनी झाडं होती, डोंगर आहे हे फारसं कळत नव्हतं. मग एका वळणावर झाडं संपली आणि खुशालभाऊंना खाली आपली गाडी दिसली. गाडीचं छप्पर दिसलं. छपराला कोणीतरी निळी ताडपत्री बांधली होती, ती त्यांनी आजवर पाहिली नव्हती आणि पाहायची इच्छाही नव्हती. ते पायरीवर बसले, बूट काढला आणि झटकला. त्यातून काही पडलं नाही. त्यांनी तो घातला आणि दुसरा काढला.

गोदावरीबाई बाजूला बसली. तिनं दुसरा बूटही झटकून होऊ दिला.

"भेव लागते का जी?"

खुशालभाऊंनी नोकरीत बिनतिकिटाचे पुष्कळ चेहरे पाहिले होते. आपला आता कसा दिसत असेल हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

"हो," ते म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. तुळसाबाईला सांगावं लागलं नव्हतं.

"मले बी लागते," गोदावरीबाई म्हणाली.

"तुमाले? तुमी तं डोंग्यात बसून भर तलावात जात होत्या."

"पाण्याचं भेव नाई. पाण्यात पडलं तं पोवता येते. अठून पडलं तं काय करावं?"

यानं खुशालभाऊंना धीर आला नाही.

"मंग आल्या कायले?"

तिनं पदरानं पायरीवरची धूळ झाडली, जिथं कोणी बसणार नव्हतं तिथली.

"माही जिंदगी तलावात गेली. कुठी गाळ हाय, कुठी शिंगाडा हाय, कोणत्या कोपऱ्यात बोटरी मासोळी भेटते, सारं मालूम. पण तलाव दिसते कसा, केवढा हाय, ते म्या कधी पाह्यलंच नाई. अंदर बसून दिसत नाई ना जी."

"पण अठचा तलाव तं तुमचा नोहे."

"नोहे. आमच्या तलावापाशी डोंगरच नाई. आता कोणताबी चालते."

खुशालभाऊंनी दुसरा बूट पायात घातला. ते उठले. एका हातानं त्यांनी कडेचा दगड धरला, दुसरा हात गोदावरीबाईनं धरला, आणि दोघं खेकड्यासारखी आडवी आडवी चढू लागली. वाटेत एका जोडप्यानं त्यांना आमचा फोटो काढून द्या म्हटलं. खुशालभाऊंनी नम्रपणे सांगितलं की सध्या हात रिकामा नाही.

गडाच्या दरवाजातून ते आत आले तेव्हा तृप्ती आणि ममता भिंतीशी पाणी पीत होत्या. तृप्तीनं तोंड उघडलं. ममतानं तिला चिमटा काढला. तृप्तीनं तोंड मिटलं आणि बाटली पुढं केली.

खुशालभाऊ तटबंदीला पाठ लावून बसले, म्हणजे दृश्य पूर्णपणे मागच्या बाजूला राहिलं. गोदावरीबाई गुडघे धरत धरत तटाच्या खिंडाराशी गेली.

"दिसला का?" खुशालभाऊंनी समोरच्या दगडाला विचारलं.

"दिसला."

"कसा हाय?"

"ताटावानी नाई."

लिहिणाऱ्या माणसाला हे लागतं. "मंग कशावानी?"

"फाटल्या लुगड्यावानी. एक कोना इकडं, एक तिकडं. मधात हिरवं हाय." ती थांबली. "लहानसाच हाय जी. मले वाटे, का केवढा असन. आमचा बी असाच असन ना? येवढुशाच पाण्यात आमचं सारं..."

पदर नाकाला लावल्याचा आवाज आला.

बसमध्ये कितीतरी बायका रडताना खुशालभाऊंनी पाहिल्या होत्या. कंडक्टर अशा वेळी कारण विचारत नाही. फार तर बाजूची सीट मोकळी करून देतो. इथं सीट नव्हती. ते हातापायांवर रांगत निघाले आणि डोळे गच्च मिटून तिच्या शेजारी जाऊन बसले. मग एक डोळा उघडला.

तलाव होता. बांध्यांचे हिरवे-पिवळे तुकडे होते. दूर रस्त्यानं एक लाल बस चालली होती, काडेपेटीएवढी. ती झाडांमागं गेली, पुन्हा निघाली, वळणावर थांबली. कोणी उतरलं असेल, कोणी चढलं असेल. एवढ्या डबीत आपण जन्म काढला, असं त्यांच्या मनात आलं. बस दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पाहिलं आणि तेवढ्यात दुसरा डोळाही उघडला गेला. पायथ्याशी धूर दिसत होता, नको तितका, आणि धुराभोवती भैयालाल पळत होते.

"वांगे गेले," खुशालभाऊ म्हणाले.

गोदावरीबाईनं तिकडं पाहिलं आणि नाक पुसता पुसता हसायला लागली.

चढण्यापेक्षा उतरणं वाईट निघालं, कारण उतरताना जिथं जायचं तिकडं पाहावं लागतं. खुशालभाऊ बसून बसून उतरले, पायरीमागून पायरी. गोदावरीबाईचे गुडघे धरले होते, तीही बसून उतरली. पुढं तृप्ती, मागं ममता. खाली पोचेपर्यंत सचिवांच्या पँटची मागची बाजू मंडळाच्या कामी आली होती. त्यांनी शर्ट बाहेर काढून घेतला.

भाजी काळी झाली होती. सगळ्यांनी खाल्ली. "जराशी लागली," भैयालाल म्हणाले.

खुशालभाऊंनी पानगा मोडला आणि खाली पाहतच विचारलं, "तुमाले सारं मालूम होतं काय?"

सगळे एकदम मन लावून खाऊ लागले. शेवटी भैयालालच म्हणाले, "पयल्या दिवसापासून."

"मंग बोलले काहून नाई?"

"भाजी चांगली करता ना जी तुमी," भैयालाल म्हणाले आणि ताटातल्या काळ्या भाजीकडं पाहिलं.

त्यानंतर गोदावरीबाई पुन्हा डोंगरावर आली नाही. "पाह्यलं एकदा. रोज रोज काय पाह्यचं," ती ममताला म्हणाली. खुशालभाऊ मात्र अधूनमधून चढू लागले. झाडं संपतात तिथपर्यंत. तिथं ते बसतात आणि वरच्यांना हाक मारून विचारतात.

पण थंडी सरता सरता मंडळाची एक सहल आंधळगावच्या तलावावर गेली. सचिवांचा हट्ट. तृप्तीनं हरकत घेतली की तिथं चढण कुठं आहे. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, उंची असते, असं तिला सांगण्यात आलं. पाळीवरून तलावाला वेढा घालायचा ठरलं. गोदावरीबाई सर्वांत पुढं, अनवाणी. ती चालता चालता दाखवत होती: अठी जाळं वाळवत होतो, तठी ममता पाण्यात पडली होती, त्या बाभळीखाली इचे बाबा बसून बिडी पेत. पाळ संपली, मग बांध्यांमधले अरुंद मातीचे धुरे लागले, मग चिखल, मग बेशरमाची झुडपं. ऊन वर आलं. तृप्तीचे महागडे बूट चिखलात गेले, ते काढायला दोघं लागले. वेढा काही पुरा होईना.

एका धुऱ्यावर गोदावरीबाई मटकन बसली. समोर पाणी पसरलं होतं, पलीकडचा काठ उन्हात नीटसा दिसत नव्हता. तिनं बराच वेळ तिकडं पाहिलं.

"मोठाच हाय जी," ती खुशालभाऊंना म्हणाली.

"हो ना," खुशालभाऊ म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

काठावर तिचा पुतण्या भूपेश जाळं काढत होता. तिनं त्याला तिथूनच हाक घातली आणि टोपल्यात काय पडलं ते विचारलं. बोटरी होती, पुष्कळ. मंडळानं उरलेला वेढा रद्द केला. त्या दिवशी चूल भूपेशच्या अंगणात पेटली आणि रस्सा गोदावरीबाईनं केला. खुशालभाऊ पाटावर बसून राहिले. त्यांना कोणी काही काम सांगितलं नाही.