गाडीला कुलूप का लावलंस?

नवऱ्याला पवनचक्क्यांवर नोकरी लागली म्हणून आम्ही टेक्ससमधलं प्लेनो शहर सोडून कॅन्ससच्या माळावर आलो. गाव म्हणायचं तर अकरा घरं आणि एक चर्च. मेयर नाही, पोलीस नाही. म्हणून मी दारातली गाडीसुद्धा लॉक करायचे, वर हँडल ओढून बघायचे.

एका सकाळी समोरच्या आजी येऊन माझ्यावर डाफरल्या, "गाडीला कुलूप का लावलंस? मग मी झुकिनी ठेवू कुठे?"

उन्हाळ्यात बागेतली जास्तीची भाजी शेजाऱ्याच्या उघड्या गाडीत गुपचूप ठेवून यायची, ही इथली पद्धत. मला रागच आला. गाडी माझी आणि दादागिरी यांची! तरी कुलूप लावणं सोडलं. मग रोज सीटवर दुधीएवढी झुकिनी. तिची थालीपिठं खाऊन खाऊन मुलं 'नॉट अगेन' म्हणून ओरडायची आणि मी आजींच्या नावानं बोटं मोडायचे.

हिवाळ्यात आजी गेल्या. यंदा झुकिनी मीच लावली. परवा गरम थालीपिठं फॉइलमध्ये बांधून, एकट्या राहिलेल्या आजोबांच्या ट्रकपाशी गेले, तर ट्रकला कुलूप. मी त्यांचं दार बडवलं आणि ते बाहेर येताच त्यांच्यावर डाफरले, "ट्रकला कुलूप का लावलंत? मग मी ही थालीपिठं ठेवू कुठे?"